घरच्यांना घेऊन रानात: कर्नाळा आणि फणसाडच्या सोप्या वाटा कशा चालाव्यात

आईचे गुडघे दुखतात आणि माझ्या सात वर्षांच्या भाच्याला दहा मिनिटं एका जागी बसवत नाही. या दोघांना घेऊन मागच्या जानेवारीत फणसाडच्या रानात तीन तास काढले. अंतर फार नव्हतं, बाजारात जाऊन येताना होतं त्याहून थोडंच जास्त. पण शेकरू दिसलं, भेकर या लहान हरणाचं भुंकणं ऐकू आलं, आणि परतताना आईनेच विचारलं, "आता पुन्हा कधी?" तेव्हापासून ओळखीतले बरेच जण विचारत असतात की ट्रेकिंगची सवय नसलेल्या माणसांनी कोकणातल्या जंगलात कुठे आणि कसं चालावं. एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा सगळं एकदा नीट लिहून काढतो.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करायला हवा. घाटावर फिरणारी माणसं वाटेचा सोपेपणा चढावर मोजतात. किती उंच आहे, किती तास लागतात, कातळटप्पा आहे का, एवढं त्यांना पुरतं. कोकणात हे माप अर्धंच लागू पडतं. इथे चढ थोडा असतो आणि घाम मात्र अखंड. समुद्रावरून येणाऱ्या दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. म्हणून सपाटीवरच्या दोन किलोमीटरनेही माणूस गळून जातो आणि त्याला वाटतं, आपलं वय झालं. वय झालेलं नसतं, तो चुकीच्या वेळी आणि चुकीच्या गतीने चाललेला असतो. सकाळी लवकर निघायचं, थोडंच चालायचं, भरपूर थांबायचं आणि ऊन तापायच्या आत सावलीत परत यायचं. या लेखात पुढे जे सांगणार आहे त्याचा पाया एवढाच आहे.

कुठे जायचं

पहिल्या खेपेला मी कर्नाळा सुचवतो. पनवेलहून पेणच्या दिशेने मुंबई-गोवा महामार्गाला लागलं की बारा-तेरा किलोमीटरवर अभयारण्याचं फाटक रस्त्याला लागूनच आहे. एसटी जाते, गाडी उभी करायला जागा आहे, आणि काही झालंच तर पनवेलचे दवाखाने हाकेच्या अंतरावर आहेत. १९६८ साली घोषित झालेलं हे महाराष्ट्रातलं पहिलं पक्षी अभयारण्य. आधी ते साडेचार-पाच चौरस किलोमीटरचं होतं, पुढे २००३ मध्ये क्षेत्र वाढवून बाराच्या आसपास नेलं. म्हणजे रान लहानच आहे, पण महामार्गावरच्या ट्रकचा आवाज मागे पडला की ते आपल्याला पुरून उरतं.

आत गेल्यावर वाटा फुटतात. एक वाट वर कर्नाळा किल्ल्याकडे जाते, तो अंगठ्यासारखा सुळका पनवेलकडून येतानाच दिसायला लागतो. दुसऱ्या वाटा खालच्या झाडीतून फिरतात. त्यांना निसर्गमार्ग म्हणतात आणि हरियाल, मोरटाका अशी त्यांची नावं आहेत. हरियाल म्हणजे हिरवं कबुतर, आपला राज्यपक्षी. लहान मुलं किंवा गुडघ्यांची तक्रार असलेलं कुणी बरोबर असेल तर या खालच्या वाटाच घ्या. त्या दिवशी कोणती वाट उघडी आहे आणि कोणती झाड पडल्याने बंद आहे, हे फाटकावरच विचारायचं.

किल्ल्याची वाट मला "सोपी" म्हणवत नाही, पण सवय नसलेल्या तरुण माणसाला ती झेपते. चढायला दीड तासाच्या आसपास धरा. बरीचशी वाट झाडीतून जाते, वर शेवटी खडकात खोदलेल्या पायऱ्या आणि दरवाजे लागतात. आई-बाबांना खालच्या वाटेवर ठेवून कॉलेजातल्या मुलांनी वर जाऊन यावं, अशी वाटणी चांगली जमते. जाताना एक आठवण ठेवा. पायथ्याचं शिरढोण हे वासुदेव बळवंत फडके यांचं जन्मगाव. त्यांचा जन्म १८४५ चा, आणि त्यांचे आजोबा याच किल्ल्याचे किल्लेदार होते. मुलांना हे वरून गाव दाखवत सांगितलं की किल्ला नुसता दगडांचा ढीग राहत नाही.

कर्नाळ्याला एक-दोनदा जाऊन पाय सरावले की मग फणसाड. मुरूड आणि रोहा तालुक्यांच्या मधलं हे डोंगराळ रान एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबाची शिकारीची राखीव जागा होती. शिकारीसाठी राखलं म्हणून ते तोडीपासून वाचलं, आणि १९८६ मध्ये त्याचं अभयारण्य झालं. काशीदच्या किनाऱ्यावर दर शनिवार-रविवारी हजारो लोक येतात, पण पाठीमागच्या डोंगरात बिबट्या, सांबर, पिसोरी असलेलं जंगल आहे याचा बहुतेकांना पत्ता नसतो. मुख्य प्रवेश सुपेगावातून आहे. हे गाव अलिबाग-रेवदंडा-काशीद-मुरूड या किनाऱ्याच्या रस्त्यावर नाही, आतल्या बाजूला आहे. साळावचा पूल ओलांडल्यावर कोणत्या फाट्याला वळायचं हे आधी विचारून ठेवा, नाहीतर सवयीने सरळ काशीदला पोहोचाल. सकाळच्या वेळी ही अर्ध्या तासाची चूक महाग पडते.

फणसाडमध्ये दोन शब्द कानावर पडतील. "गाण" म्हणजे पाणवठा आणि "माळ" म्हणजे झाडीमधलं मोकळं गवताळ पठार. चिखलगाण, फणसाडगाण अशी ठिकाणांची नावंच आहेत. नवख्यांनी सुपेगावातून जवळच्या गाणीपर्यंत जाऊन परत यावं. वाट बहुतेक मातीची, रुंद आणि मळलेली असते, चढउतार सौम्य. लांबच्या माळांपर्यंत जायचं असेल तर दुसऱ्या फेरीला, आणि वाटाड्या घेऊनच.

महिना आणि वेळ

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ सर्वात चांगला. पहाटे गारवा असतो, ओढ्यांत थोडंफार पाणी असतं, आणि उत्तरेकडून आलेले पाहुणे पक्षी हजर असतात. जानेवारी-फेब्रुवारीत पानगळ सुरू झाली की झाडीतून आरपार दिसायला लागतं. सावर आणि पांगारा फुलले की त्या एका झाडावर तासाभरात जेवढे पक्षी येतात तेवढे इतर वेळी दिवसभरात दिसत नाहीत.

मार्च ते मे मध्ये करवंदं, जांभळं आणि अंजनीची जांभळी फुलं असतात, पाण्याची ठिकाणं आटत गेल्याने गाणींवर जनावरं येतात. पण नऊ वाजले की हवा जड होते. या महिन्यांत मी साडेसहाला चालायला लागतो आणि साडेनऊला गाडीपाशी असतो. ऑक्टोबर मी टाळतो. पाऊस संपलेला, गवत छातीपर्यंत वाढलेलं, ऊन भाजणारं आणि गोचिडांचा सुळसुळाट.

पावसाळ्यात कर्नाळ्याला फार गर्दी होते. हिरवळ सुंदर असते, तिबोटी खंड्या याच दिवसांत ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ करून पिल्लं वाढवतो, हे सगळं खरं. पण दगड शेवाळलेले, वाट निसरडी आणि ओढे भरवशाचे नसतात. जोराच्या पावसात वनखातं वाटा बंदही करतं. घरच्यांना पहिल्यांदा नेताना पावसाळा नको, हे माझं ठाम मत आहे.

दिवसाची वेळ महिन्यापेक्षाही महत्त्वाची. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण दाट झाडीत साडेपाचलाच वाटेवरचा दगड आणि पाचोळा यांतला फरक कळेनासा होतो. एकदा आम्ही पाच जण दुपारी तीनला आत शिरलो होतो, "तासाभरात येऊ" म्हणून. परतताना पूर्ण अंधार झाला, पाच जणांत मिळून एक मोबाइल चालू होता आणि त्याची बॅटरी नऊ टक्क्यांवर आलेली. काही वाईट घडलं नाही, पण बरोबरच्या एका काकूंनी तो अर्धा तास माझा दंड सोडला नाही. तेव्हापासून दुपारनंतर नवख्यांना घेऊन मी आत जात नाही, आणि सकाळी गेलो तरी टॉर्च पिशवीत असतोच.

आदल्या रात्रीची तयारी

बूट नवेच हवेत असं नाही, पण घोटा झाकणारे आणि तळाला खाचा असलेले हवेत. गुळगुळीत तळाचे चालण्याचे बूट वाळलेल्या पाचोळ्यावर तेल लावल्यासारखे सरकतात. चपला-सँडल नकोत. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, पायघोळ विजार, डोक्याला टोपी. रंग मातकट, पानांत मिसळणारे. जीन्स घालू नका. घामाने ती ओली होते, जड होते आणि मांड्या सोलवटते.

पाणी माणशी दोन लिटर, थंडीतही. वाटेतलं ओढ्याचं किंवा गाणीचं पाणी प्यायचं नाही. ते जनावरांचं आहे आणि त्यात काय मिसळलंय ते आपल्याला दिसत नाही. घामाबरोबर मीठ जातं, म्हणून नुसतं पाणी पुरत नाही. एका बाटलीत मीठ-साखर घातलेलं कोकम सरबत न्या, किंवा जलसंजीवनीची पुडी. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि मिठाचं माप वाढवायचं नाही.

खाणं साधं आणि वास न पसरवणारं. तांदळाची भाकरी आणि सुकी भाजी, गूळ-शेंगदाणे, केळी, उकडलेले रताळे. वेफर्सची पाकिटं नकोतच, माकडं त्या आवाजाला आता ओळखतात. सगळं डब्यातून न्यायचं आणि डब्यातून परत आणायचं. कर्नाळ्याला प्लास्टिकच्या बाटल्या मोजून अनामत घेण्याची पद्धत आहे. स्टीलच्या बाटल्या नेल्या तर तो प्रश्नच उरत नाही.

पिशवीत आणखी काय: टॉर्च, शिट्टी, लांब पट्टीचं बँडेज, चिमटा, रुंद चिकटपट्टी, मुलांची नेहमीची औषधं, आणि ज्येष्ठांसाठी एक काठी. बांबूची साधी काठी सर्वात चांगली, खांद्याच्या खालपर्यंत येईल एवढी. उतारावर गुडघ्यावरचा भार तिने खरोखर हलका होतो. आईला आधी काठी धरायची लाज वाटत होती, आता ती काठीशिवाय निघत नाही.

घरी राहणाऱ्या कुणाला तरी सांगून ठेवा: कुठल्या फाटकातून आत जाणार, कितीला बाहेर येणार, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर चौकशी करायची. फणसाडमध्ये आत गेल्यावर फोनची रेंज जाते. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६, रुग्णवाहिका १०८ आणि आपत्कालीन ११२. हे तिन्ही कागदावर लिहून खिशात ठेवा.

फाटकापाशी

इथे घाई करू नका. नोंदवहीत सगळ्यांची नावं लिहा, शुल्क भरा, पावती जपून ठेवा. बंद व्हायची वेळ विचारा. मग वनरक्षकाला तीन प्रश्न विचारा: कोणत्या वाटेवर झाड पडलंय, पाण्याला आज काय येतंय, आणि मोहोळं कुठे लागली आहेत. या तीन प्रश्नांनी मला जेवढं कळलं तेवढं कुठल्याही नकाशातून कळलेलं नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा इथली मोठमोठी झाडं आडवी झाली. वाटा तुटल्या, नव्या पडल्या. त्याआधीची कुणी लिहिलेली वर्णनं घेऊन फिरणारे लोक मी वाटेत गोंधळलेले पाहिले आहेत.

फणसाडला वाटाड्या घ्याच. आसपासच्या गावांतली, वाड्यांतली माणसं या रानात लहानाची मोठी झाली आहेत. भोवताली आगरी, कोळी, गवळी-धनगर आणि कातकरी वस्ती आहे. कातकरी हे नावच खैरापासून कात काढण्याच्या जुन्या धंद्यावरून आलेलं. आपल्याला हिरवी भिंत दिसते तिथे त्यांना वीस झाडं, दोन घरटी आणि सकाळी गेलेल्या रानडुकराची खूण दिसते. पैसे आधी ठरवा, घासाघीस करू नका, आणि वाटेत त्यांच्या पुढे धावू नका.

चालायचं कसं

पुढे वाटाड्या, मागे रान माहीत असलेला एक प्रौढ, मुलं मधे. ज्याची गती सर्वात कमी तो पुढून दुसरा. त्याला शेवटी ठेवलं तर तो सतत धापा टाकत गाठत राहतो आणि पोहोचतो तेव्हा बाकीचे विश्रांती संपवून उठलेले असतात. गतीची कसोटी एकच: चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दम लागून शब्द तुटायला लागले की गती जास्त झाली.

दर वीस मिनिटांनी पाच मिनिटं थांबा, तहान लागो न लागो, दोन घोट पाणी घ्या. मुलं आणि ज्येष्ठ बरोबर असताना तासाला दीड किलोमीटर पुरे. म्हणजे तीन तासांत जाऊन-येऊन साडेचार किलोमीटरच्या आसपास, आणि त्यात बघणं-बसणं आलं.

निघतानाच उलट फिरायची वेळ ठरवून टाका. साडेनऊ ठरले असतील तर साडेनऊला फिरायचं, गाण पुढच्या वळणावर असली तरी. याशिवाय पाण्याचा नियम: जवळचं अर्धं पाणी संपलं की परत. दोन्हींपैकी जे आधी होईल ते.

उतारावर पाय आडवे टाकत, गुडघा थोडा वाकवून, लहान पावलांनी उतरा. पडणारी बहुतेक माणसं चढताना पडत नाहीत, उतरताना पडतात. सागाची वाळलेली पानं मोठी आणि सुटी असतात, खालचा घसारा किंवा मूळ झाकून टाकतात. अशा ठिकाणी आधी काठीने चाचपायचं, मग पाय. ओंडका ओलांडताना पलीकडे बघून पाय टाका. आधी ओंडक्यावर चढा, मग खाली.

थांबल्यावर काय दिसतं

जंगलात चालताना फार काही दिसत नाही. आपल्या पावलांचा आवाज पाचोळ्यात पन्नास पावलांवर जातो. म्हणून चांगली जागा बघून पंधरा मिनिटं गप्प बसायचं. पहिली पाच मिनिटं काहीच होत नाही. मग एखादा पक्षी परत बोलायला लागतो, आणि हळूहळू रान आपल्याला विसरतं.

शेकरू शोधायचं तर वर बघा. उंच झाडाच्या बारीक फांद्यांच्या टोकाशी काटक्या-पानांचा मोठा गोळा दिसला तर ते शेकराचं घरटं. जड शिकारी तिथवर पोहोचू नये म्हणून ते टोकाला. एक शेकरू अशी अनेक घरटी बांधतं, त्यामुळे घरटं दिसलं म्हणजे आत कुणी आहेच असं नाही. आवाज खडखडीत, एकामागून एक ठोके दिल्यासारखा. आमच्या भाच्याला राज्यप्राणी म्हणजे वाघ असावा असं वाटत होतं. तांबूस पाठीचं, लांब झुपकेदार शेपटीचं ते जनावर एका झाडावरून दुसऱ्यावर झेपावलं तेव्हा तो इतका गप्प झाला की मला त्याची काळजी वाटली.

आवाज ओळखता आले तर न दिसलेलं जनावरही भेटतं. कुत्रा भुंकल्यासारखा एकसुरी आवाज आतून आला तर ते भेकर. वानराने खाकरल्यासारखे "खक्, खक्" काढले आणि सगळी टोळी एकाच दिशेला बघत असेल तर तिथे बिबट्या असू शकतो. घाबरायचं कारण नाही. एकत्र या, मुलांना मधे घ्या, शांतपणे आलो त्या दिशेला फिरा. पळायचं मात्र नाही. पिसोरी, म्हणजे मांजराएवढं हरीण, दिवसा दिसणं कठीण. त्याच्या खुरांचा नखाएवढा ठसा ओल्या मातीत दिसला तरी मी तो दिवस भाग्याचा मानतो.

झाडं पळत नाहीत, त्यामुळे मुलांना आधी झाडं शिकवावीत. ऐन सर्वात सोपा: साल मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींची फाटलेली. कांडोळाचं खोड पांढरंफेक, म्हणून त्याला भुताचं झाड म्हणतात. संध्याकाळी ते खरंच तसं दिसतं. अंजनीच्या झाडांखाली उन्हाळ्यातही गारवा असतो. आणि गारंबी. ही वेल बघण्यासाठी फणसाडला जावं. खोड माणसाच्या मांडीएवढं जाड, पिळवटलेलं, एका झाडावरून दुसऱ्यावर दोराच्या झोपाळ्यासारखं गेलेलं. शेंग मुलाच्या उंचीला टेकेल एवढी लांब, आत चपट्या तपकिरी चकचकीत बिया. भाच्याने एक बी खिशात घातली होती. अभयारण्यातून पानसुद्धा नेता येत नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते मना आहे. त्याला हे समजावल्यावर त्याने ती परत त्याच वेलीच्या मुळाशी नेऊन ठेवली, थोडा रुसून.

आकाशात मोठे पंख संथ फिरताना दिसले तर नीट बघा. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यात पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं टिकून राहिली आहेत. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे देशभरात ती जवळजवळ संपली. मेलेल्या गुराच्या मांसातून औषध त्यांच्या मूत्रपिंडांपर्यंत जायचं. गुरांसाठी या औषधावर २००६ मध्ये बंदी आली. कोकणात गिधाड दिसणं ही आनंदाची गोष्ट आहे आणि ती पाहून गप्प राहणं मला जमत नाही.

जिथे जपायचं

मोहोळ. कर्नाळ्याच्या सुळक्यावर आग्या मोहोळाची पोळी लागतात. अत्तर, बॉडी स्प्रे, धूर, आरडाओरडा, दगड मारणं, ड्रोन, यातलं काहीही माश्यांना उठवतं. वरची वाट घेणार असाल तर त्या सकाळी अंगाला सुगंधी काही लावू नका. माश्या उठल्याच तर हातवारे करत उभं राहू नका. तोंड कापडाने झाकून खाली, दाट झाडीच्या किंवा बंद खोलीच्या दिशेने निघा. काटे चिमटीने उचलण्यात वेळ न घालवता नखाने किंवा कार्डाच्या कडेने खरवडून काढा. चेहरा, गळा सुजला, श्वास लागला किंवा डंख बरेच असले तर थेट दवाखाना.

साप. कोकणातल्या पाचोळ्यात आणि जांभ्या दगडांच्या सांदीत फुरसं असतं. हातभर लांब, मातकट, गुंडाळी करून बसलेलं. अंगाचे खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा खरखर आवाज करतं, तो ऐकू आला की जिथे आहात तिथे थांबा आणि कुठे आहे ते बघून मागे सरका. दगड उचलायचा नाही, बिळात हात घालायचा नाही, न बघता बसायचं नाही. चावलंच तर कापणं, चोखणं, घट्ट आवळपट्टी बांधणं यातलं काहीही करू नका. अंगठ्या-बांगड्या काढा, हात किंवा पाय काठीला बांधून स्थिर करा, माणसाला चालवू नका, उचलून न्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप मारून बरोबर न्यायची गरज नसते. वेळ तेवढा वाचवायचा असतो.

विंचवाचंही तेच. आपल्याकडचा लाल विंचू लहान दिसतो, पण त्याचं विष हृदयावर जातं आणि मुलांना जास्त धोका असतो. महाडला काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावसकर यांनी प्राझोसिन हे औषध वापरून ही मरणं कमी करून दाखवली. आज त्यावर उपाय आहे, फक्त रुग्णालयात वेळेत पोहोचायला हवं. मुलाला डंखानंतर घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले तर घरगुती उपाय करत बसू नका.

खाजकुयली. डिसेंबरनंतर वाळलेल्या, तपकिरी मखमली शेंगा वेलीवर लटकतात. त्यांचे केस वाऱ्यानेसुद्धा उडतात. लागली तर चोळू नका, चिकटपट्टी दाबून केस उपटून काढा, मग पाणी. चिकटपट्टी पिशवीत ठेवायला सांगितली ती यासाठीच.

ओढा. पावसाळ्याच्या आगेमागे गेलातच, तर ओढ्याचं पाणी अचानक गढूळ झालं किंवा त्यावर काटक्या-पाचोळा वाहत आला की वर कुठेतरी पाऊस झालाय असं समजा आणि बाहेर या. गुडघ्याच्या वर पाणी असेल तर ओलांडायचं नाही. पलीकडे अडकलात तर थांबा. कोकणातले ओढे जसे चढतात तसे काही तासांत उतरतातही.

वाट चुकली तर

गुरांच्या वाटा माणसांच्या वाटांसारख्याच दिसतात, आणि चुकायला होतं ते तिथेच. ढोरवाट गवतात जाऊन विरते, किंवा कंबरेएवढ्या झुडपाखालून जाते. आपल्याला वाकावं लागलं की ती आपली वाट नाही असं धरा. मागे फिरून शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत या. ती जागा सापडत नसेल तर सगळे एकत्र बसा, तीनदा शिट्टी, थांबून पुन्हा तीनदा. ओढ्याच्या काठाने खाली उतरत सुटणं ही मोठी चूक, कारण ओढा पुढे धबधब्यावरून उडी मारतो आणि आपण मारू शकत नाही. फाटकावर नोंद असेल आणि घरी वेळ सांगितलेली असेल तर शोधणारे येतातच.

परत आल्यावर

गाडीत बसायच्या आधी सगळ्यांचे कपडे झटका. घरी पोहोचल्यावर लगेच गरम पाण्याने आंघोळ करा आणि काखेत, कमरेच्या नाडीखाली, गुडघ्याच्या मागे, मुलांच्या कानामागे गोचीड आहे का बघा. चिकटलेली असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढा, जाळू नका, तेल ओतू नका. कपडे वेगळे धुवा. सिंधुदुर्गात दोडामार्ग-सावंतवाडीच्या बाजूला फिरणार असाल तर हे आणखी काटेकोरपणे पाळा. गोचिडांमुळे होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण त्या भागात २०१६ पासून आढळले आहेत. तिथल्या पाचोळ्यावर बसू नका, आणि माकड मेलेलं दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा. रानातून आल्यावर पुढच्या दोन आठवड्यांत कुणाला ताप आला, तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की आम्ही जंगलात चाललो होतो, आणि कुठल्या जंगलात तेही.